सुवाह्य हृद्‌निरीक्षण यंत्रे आणि आपला दवाखाना

माझ्याकडे अनेक वर्षे औषधासाठी येणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. गावात सर्व त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. काही वर्षांपूर्वी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी एक नवी तक्रार सांगितली. "डॉक्टर, मधूनच छातीत पाखरू फडफडल्यासारखे होते. दहा-पंधरा मिनिटे राहते आणि आपोआप थांबते." जोडीला आध्मान, मलावष्टंभ आणि अल्पनिद्रा होतीच. दवाखान्यात नाडी पाहिली, ती वातप्रधान परंतु सम लागली. दोन वेळा ईसीजी काढून घेतला. दोन्ही आलेख निर्दोष होते. वातानुलोमन, अभ्यंग आणि अर्जुनक्षीरपाक अशी योजना केली. झोप सुधारली, कोष्ठ सुधारले, फडफड 'कमी आहे' असे गुरुजी सांगत राहिले.

आठ महिन्यांनी एका सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातून बशी सुटली आणि शब्द अडखळू लागले. वीस-पंचवीस मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व तपासण्या झाल्या. चोवीस तासांचा हॉल्टर लावला, त्यातही काही सापडले नाही. पुण्यास असलेल्या त्यांच्या मुलाने तेव्हा दोन्ही हातांची बोटे टेकवून वापरावयाचे एक लहानसे यंत्र आणून दिले. नवव्या दिवशी पहाटे फडफड सुरू होताच गुरुजींनी बोटे ठेवली. मोबाइलच्या पडद्यावर उमटलेली रेषा सर्वस्वी अनियमित होती. हृद्रोगतज्ज्ञांनी ती पाहून एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे अलिंदांच्या विस्कळीत कंपनाचे, निदान केले आणि रक्तात गुठळी होऊ न देणारे औषध सुरू केले.

येथे माझी चूक कोठे झाली, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. वाताचा विचार चुकला असे मी म्हणणार नाही. चूक झाली ती दोन निर्दोष आलेखांना रोगाभावाचा पुरावा मानण्यात. नेहमीचा ईसीजी सुमारे दहा सेकंदांचा असतो. दोन आलेख म्हणजे वीस सेकंद. आठ महिन्यांतील वीस सेकंद पाहून मी निश्चिंत झालो होतो. जो विकार वेगाने येतो आणि जातो, त्याला तो आलेला असतानाच गाठले पाहिजे. सुवाह्य यंत्रांचे खरे प्रयोजन एवढेच आहे.

ही कल्पना नवी नाही. लायडन येथील विल्लेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जे हृल्लेखन यंत्र सिद्ध केले त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. हे अवाढव्य यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, म्हणून १९०५ मध्ये आइंटहोवेन यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाचे विद्युत्संकेत दूरध्वनीच्या तारेने आपल्या प्रयोगशाळेत आणले. दूरस्थ हृद्‌निरीक्षणाचा प्रारंभ असा, संगणक जन्मास येण्यापूर्वी झाला. पुढे अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन हॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पाठीवर वाहून नेण्याजोगे रेडिओयंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते, म्हणजे 'सुवाह्य' हा शब्द अंमळ उदारपणे वापरावा लागतो! आज हॉल्टर खिशात मावतो, छातीवर चिकटवावयाच्या पट्ट्या दोन आठवडे अखंड नोंद ठेवतात आणि आपल्या मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही मोबाइलला जोडले जाणारे, हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे.

बाजारात सरसकट एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या यंत्रांत एक मूलभूत भेद आहे. घड्याळाच्या तळाशी जो हिरवा प्रकाश लुकलुकतो, तो त्वचेखालील रक्ताचे प्रमाण प्रत्येक ठोक्यासरशी कसे बदलते हे पाहतो. म्हणजे तो वस्तुतः नाडीच पाहतो, हृदयाची विद्युत् पाहत नाही. बोटे टेकवावयाची यंत्रे, तसेच काही घड्याळांतील धातूचा स्पर्शबिंदू, डाव्या व उजव्या हातांमधील विद्युद्दाबाचा फरक नोंदवितात. हा खरा ईसीजी होय, परंतु बारा दिशांऐवजी एकाच दिशेने पाहिलेला. तिसऱ्या प्रकारची यंत्रे लहान असूनही क्रमाने बारा दिशांचा आलेख घेतात. नोंद मोबाइलद्वारे दूरच्या संगणकाकडे जाते. तेथील प्रणाली ठोक्यांमधील अंतरे मोजते, अलिंदाची लहान लहर आहे की नाही हे पाहते आणि अभिप्राय देते. काही सेवांत त्यानंतर तज्ज्ञ डॉक्टर तो आलेख डोळ्यांखालून घालतात, काहींत घालत नाहीत. यंत्र घेण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा.

शार्ङ्गधरसंहितेपासून नाडीपरीक्षा आपल्या परंपरेत सुप्रतिष्ठित आहे. जळू आणि सर्प, कावळा आणि बेडूक, हंस आणि पारवा यांच्या गतींचा अभ्यास केलेल्या बोटांस अनियमित ठोका चटकन कळतो. किंबहुना आजही एट्रियल फिब्रिलेशनची पहिली शंका अनेकदा बोटांनाच येते. एका हाताने नाडी धरून त्याच वेळी छातीवर स्टेथोस्कोप ठेवावा. हृदयाचे ठोके नाडीपेक्षा अधिक भरले तर काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, हे उघड होते. परंतु ही अनियमितता अलिंदातील आहे की निलयातील, हे बोट सांगू शकत नाही. ते रेषाच सांगते. म्हणून नाडी सोडून यंत्र घ्या असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. नाडी विषम लागली की रेषा काढावी, असा क्रम मी आता ठेवला आहे.

आता या यंत्रांची दुसरी बाजू. अमेरिकेत सुमारे ४ लाख १९ हजार लोकांवर झालेला अ‍ॅपल हार्ट स्टडी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळाने अनियमित नाडीची सूचना दिली ती केवळ ०.५२ टक्के लोकांना. चाळिशीच्या आतील लोकांत हे प्रमाण ०.१६ टक्के, तर ६५ व त्यापुढील वयात ३.१ टक्के होते. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवरील पट्टी लावून परत पाठविली, त्यांतील ३४ टक्के लोकांतच त्या काळात एट्रियल फिब्रिलेशन आढळले. डेन्मार्कमधील २०२१ च्या लूप अभ्यासात ७० ते ९० वर्षांच्या, जोखीम असलेल्या सहा हजार व्यक्ती होत्या. त्यांतील काहींच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसविले. त्यांच्यात हा विकार ३१.८ टक्क्यांना सापडला, इतरांत १२.२ टक्क्यांना. गुठळीविरोधी औषधेही दुपटीहून अधिक जणांना सुरू झाली. तथापि पक्षाघात व तत्सम घटनांतील घट, ५.६ वरून ४.५ टक्के, संख्याशास्त्रानुसार निर्णायक ठरली नाही. तात्पर्य, लक्षणे नसलेल्या प्रत्येकाच्या हृदयावर पहारा बसविल्याने लाभ होतोच असे सिद्ध झालेले नाही. तिशीच्या निरोगी ग्राहकास भीती घालून असे यंत्र विकणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. लक्षण असलेल्या गुरुजींची गोष्ट निराळी.

सर्वांत मोठा धोका मात्र 'नॉर्मल' या शब्दात आहे. एका दिशेचा आलेख हृदयाघात ओळखू शकत नाही. छातीत दाब, डाव्या हातात वेदना, घाम अशा अवस्थेत एखाद्याने बोटे टेकवावीत, पडद्यावर 'लय नियमित' असे यावे आणि त्याने पित्त समजून सूतशेखर घेऊन झोपावे, ही कल्पना भयावह आहे आणि मुळीच अशक्य नाही. तेथे बारा दिशांचा आलेख आणि वेळ यांनाच महत्त्व. गोव्यात २०१८-१९ च्या सुमारास सुरू झालेली व्यवस्था या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेला बारा दिशांचा आलेख दूरच्या संगणकाद्वारे तज्ज्ञांपुढे जातो, हृदयाघात निश्चित झाल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच देतात आणि रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रवाना होतो. यंत्र तेच, परंतु आलेखाच्या पुढे काय करावयाचे हे आधी ठरलेले आहे.

आपल्या स्वतःच्या औषधांबाबतही रेषेचा उपयोग आहे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय या रसांत वत्सनाभ आहे. शोधन अपुरे राहिले अथवा मात्रा वाढली तर वत्सनाभातील विष हृदयपेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि निलयांत घातक अनियमित ठोके उत्पन्न होतात. वत्सनाभाचा समावेश औषधविषयक नियमांतील विषारी द्रव्यांच्या ई-१ सूचीत आहे, ते उगाच नव्हे. यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास शरीरातील पोटॅशियम घटते व लय बिघडू शकते. ज्येष्ठ रुग्णास ज्वरात वत्सनाभयुक्त कल्प देताना मी आता नाडी आणि गरज वाटल्यास रेषा दोन्ही पाहतो. औषधविक्रेत्या बंधूंनी हे कल्प चिठ्ठीशिवाय 'तापाची गोळी' म्हणून देऊ नयेत, हे येथे पुन्हा सांगतो. गुठळीविरोधी औषध घेणाऱ्या रुग्णास लशुन वा गुग्गुळाचे कल्प द्यावयाचे असल्यास त्याच्या हृद्रोगतज्ज्ञास कळवूनच द्यावेत.

विक्रेत्यांसाठी आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. लय दाखविणारे प्रत्येक स्वस्त मनगटी यंत्र वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता पावलेले असतेच असे नाही. खरेदीच्या वेळी नोंदणीचा तपशील मागावा आणि आपल्या परवान्यात त्याची विक्री बसते की नाही हे औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

दूरस्थ व्यवस्थेतील कळीचा प्रश्न गुरुजींच्या पत्नीने मला विचारला. "रात्री दोन वाजता यांनी पट्टी पाठवली, तर ती तुम्ही पाहणार का?" मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. मी ती सकाळी आठ वाजता पाहतो. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आपल्यासाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, परंतु रात्री दोनचा फोन कोण उचलणार हे ज्याने त्याने आपल्या रुग्णाशी ठरवावयाचे असते. त्या दिवसापासून यंत्र वापरणाऱ्या प्रत्येक रुग्णास मी मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद देतो. छातीत वेदना, मूर्च्छा, बोलण्यात अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही झाल्यास पट्टी काढत बसू नये, १०८ ला फोन करावा. केवळ फडफड असल्यास पट्टी काढावी, वेळ लिहावी आणि सकाळी दाखवावी. गुरुजींच्या घरी तो कागद दूरध्वनीच्या वर चिकटवलेला आहे.