विमान कंपन्यांची एलिट श्रेणी आणि क्रेडिट कार्डावरील खर्च : ‘निष्ठे’च्या बदलत्या निकषाचे विवेचन

बीजसंज्ञा : एलिट श्रेणी, मैल, क्रेडिट कार्ड, व्यापारी शुल्क, ग्राहकनिष्ठा

प्रस्तावना :

नियमित विमानप्रवास करणाऱ्या ग्राहकाला काही विशेष सवलती देण्याची प्रथा जगभर रूढ आहे. विमानात आधी प्रवेश, सामानाच्या शुल्कात सूट, जागा शिल्लक असल्यास वरच्या वर्गातील आसन अशा या सवलती असतात. त्या ज्या दर्जामुळे मिळतात त्यास ‘एलिट श्रेणी’ असे म्हटले जाते. हा दर्जा प्रत्यक्ष प्रवासाने मिळवावयाचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांच्या बाबतीत ही समजूत आता पुरेशी राहिलेली नाही. तेथे काही श्रेणी एकदाही विमानात न बसता, केवळ क्रेडिट कार्डावरील खर्चाने मिळू शकतात. हा बदल का घडला, ही व्यवस्था कशी चालते आणि तिचा भार अंतिमतः कोणावर पडतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अमेरिकेत विमानवाहतूक नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केली. तोपर्यंत देशांतर्गत मार्ग व भाडी यांवर शासकीय मंडळाचे नियंत्रण होते. नियंत्रण उठताच भाड्यांची स्पर्धा सुरू झाली आणि प्रवाशाला आपल्याकडे कसे टिकवून ठेवावे, हा प्रश्न कंपन्यांपुढे उभा राहिला. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी सुरू केलेली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना हे त्याचे एक उत्तर होते. जितके मैल प्रवास, तितके मैल खात्यावर जमा, असे तिचे सरळ सूत्र होते. १९८७ मध्ये सिटीबँकेच्या सहकार्याने या योजनेचे क्रेडिट कार्ड निघाले आणि प्रवास न करताही मैल मिळू लागले. मात्र मोफत तिकिटासाठी खर्च होणारे मैल आणि श्रेणीसाठी मोजले जाणारे मैल यांत भेद होता. कार्डाचे मैल प्रामुख्याने पहिल्या प्रकारात मोडत. पुढील काळात हा भेद क्रमाक्रमाने पुसट होत गेला.

निकषांतील बदल :

डेल्टा कंपनीने २०१४ पासून श्रेणीसाठी प्रवासाबरोबरच तिकिटांवरील किमान खर्चाची अट घातली. परंतु कंपनीच्या कार्डावर वर्षाला २५,००० डॉलर खर्च करणाऱ्या अमेरिकेतील सदस्याला या अटीतून सूट दिली. अमेरिकन एअरलाइन्स याही पुढे गेली. मार्च २०२२ पासून तिने ‘लॉयल्टी पॉइंट्स’ हा एकच निकष ठेवला. कंपनीच्या कार्डावर खर्च केलेल्या प्रत्येक पात्र डॉलरमागे एक गुण मिळतो आणि २०२३ पासून ‘गोल्ड’ या पहिल्या श्रेणीसाठी ४०,००० गुण लागतात. म्हणजेच किराणा, इंधन, विमा अशा बाबींवर वर्षात ४०,००० डॉलर खर्च करणारी व्यक्ती विमानतळावर न जाताही ‘गोल्ड’ सदस्य ठरते. युनायटेडने कार्डाला स्थान दिले असले, तरी स्वतःच्या किमान चार उड्डाणांची अट कायम ठेवली.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने २०२४ पासून केवळ खर्चावर आधारित मोजणी जाहीर केली, तेव्हा सदस्यांत तीव्र नाराजी उमटली. बदल फार पुढे गेल्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी एड बॅस्टियन यांनी मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये अटी शिथिल झाल्या. सर्वोच्च ‘डायमंड’ श्रेणीची मर्यादा ३५,००० वरून २८,००० गुणांवर आली. खर्चाचा निकष मात्र कायम राहिला. सुधारित व्यवस्थेत ‘रिझर्व्ह’ कार्डधारकास आरंभीच २,५०० गुण व पुढे दर १० डॉलर खर्चास १ गुण मिळतो. ५,००० गुणांची ‘सिल्व्हर’ श्रेणी अशा रीतीने २५,००० डॉलरच्या खर्चाने मिळते. केवळ कार्डाने ‘डायमंड’ गाठावयाचे तर २,५५,००० डॉलर खर्चावे लागतात.

व्यवस्थेचे अर्थकारण :

कार्डाने पैसे स्वीकारणारा दुकानदार प्रत्येक व्यवहारावर शुल्क देतो. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचे हे शुल्क साधारणतः दोन टक्के किंवा त्याहून अधिक असते. त्याचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँक त्यातून विमान कंपनीकडून घाऊक प्रमाणात मैल विकत घेते व ग्राहकास देते. विमान कंपनीला रोख रक्कम आधी मिळते, सेवा मात्र नंतर द्यावयाची असते. अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला २०२४ मध्ये सुमारे ७४० कोटी डॉलर मिळाले. करोनाच्या काळात विमाने जमिनीवर असताना युनायटेडने २०२० मध्ये आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. उड्डाणे ठप्प असतानाही योजनेची पत टिकून होती, यावरून तिचे महत्त्व स्पष्ट होते. अशा स्थितीत कंपनीच्या दृष्टीने ‘निष्ठावान’ ग्राहक म्हणजे सर्वाधिक उडणारा नव्हे, तर सर्वाधिक उत्पन्न मिळवून देणारा, हे ओघानेच आले.

या रचनेला कायद्याचीही चौकट आहे. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावरील बँकांतर्गत शुल्क ०.३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने डेबिट कार्डाचे शुल्क मर्यादित झाले. क्रेडिट कार्ड मात्र त्यातून बाहेर राहिले. अमेरिकी कार्डांच्या औदार्याचे एक प्रमुख कारण येथे आढळते.

लाभ आणि भार :

ग्राहकाच्या दृष्टीने ही श्रेणी फुकट नसते. ४०,००० डॉलरचा हाच खर्च दोन टक्के रोख परतावा देणाऱ्या कार्डावर केल्यास ८०० डॉलर परत मिळाले असते. मिळालेल्या ४०,००० मैलांचे मूल्य प्रत्येकी एक सेंट धरल्यास ते ४०० डॉलर होते. उरलेले ४०० डॉलर ही त्या श्रेणीची खरी किंमत होय. वर्षातून एखादाच प्रवास करणाऱ्यास ती परवडत नाही. शिवाय कार्डाची थकबाकी राहिल्यास अमेरिकेत २०२३ नंतर सरासरी २० टक्क्यांहून अधिक व्याज पडत आले आहे. ५,००० डॉलरची वर्षभराची थकबाकी हजार डॉलरचे व्याज घेऊन जाते.

सामाजिक भार याहून विचारणीय आहे. दुकानदार शुल्काचा बोजा वस्तूंच्या किमतीत मिसळतो आणि ती किंमत रोखीने खरेदी करणाराही देतो. बोस्टन फेडरल रिझर्व्ह बँकेतील शूह, शाय व स्टॅव्हिन्स यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डधारक कुटुंबांकडे हस्तांतरित करते, तर कार्डधारक कुटुंबास १,१३३ डॉलरचा लाभ होतो. ज्याने कधी विमानात पाऊल ठेवले नाही, तोही दुसऱ्याच्या आसनाचा काही खर्च उचलतो, असा याचा अर्थ होतो.

भारतीय संदर्भ :

आपल्याकडेही विस्तारा व अ‍ॅक्सिस बँक यांच्या वरच्या दर्जाच्या कार्डांबरोबर ‘क्लब विस्तारा’ची वरची श्रेणी मिळत असे, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्यापूर्वी मुंबईस्थित जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालली. परंतु ज्या विमानात आधी चढण्याचा हक्क श्रेणीने दिला होता, ते विमानच उरले नाही. श्रेणी ही मालमत्ता नसून कंपनीच्या मर्जीवर टिकणारे आश्वासन असते, हे यावरून दिसून येते.

निष्कर्ष :

१. एलिट श्रेणीचा निकष प्रवासाकडून उत्पन्नाकडे सरकला असून कार्डावरील खर्च हे त्याचे प्रमुख साधन बनले आहे.

२. श्रेणीची किंमत गमावलेल्या परताव्याच्या रूपाने ग्राहक देतो. थकबाकी राहिल्यास लाभ उरत नाही.

३. या सवलतींचा काही भार वस्तूंच्या किमतींतून कार्ड न वापरणाऱ्या वर्गावर पडतो.

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात ‘ग्राहकनिष्ठा’ ही संकल्पना शिकविताना निष्ठेचे मोजमाप कोण ठरवितो आणि त्याची किंमत कोण देतो, हे दोन प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल.