भरीत बैरूतचं, वांगं जळगावचं

बी.ए.ला मराठी घेतलेल्या माझ्यासारखीला लेबनॉन म्हणजे खलील जिब्रान, एवढंच ठाऊक. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या, त्या आम्ही कॉलेजात वाचल्या होत्या. पुढे हा देश भेटला तो बातम्यांतून. १९७५ ते १९९० चाललेलं यादवी युद्ध, मग ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात झालेला भीषण स्फोट. त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली आणि बंदरावरची धान्याची कोठारंही उद्ध्वस्त झाली. पण एवढ्या सगळ्यात तिथल्या बायका रोज चुलीवर काय चढवतात, हे कधी मनातही आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत भाची पुण्याहून आली आणि लेबनीज स्वयंपाकाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मावशी, तुला वाचायलाही आवडतं आणि रांधायलाही. घे." नकाशा काढून बघितला. लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या जळगाव जिल्ह्यापेक्षाही लहान! जिल्ह्याएवढ्या देशाची एवढी पदार्थांची यादी, तर मग आपली केवढी होईल, असं वाटून गेलं.

मटणाची पानं उलटून पुढे गेले, आमच्या घरात ते चालत नाही. तरी अर्ध्याहून जास्त पुस्तक उरलंच. तिथल्या ख्रिस्ती लोकांचे ईस्टरच्या आधी लांबलचक उपवास असतात, त्या काळात बरेच जण मांस, दूध-दुभतं खात नाहीत. त्यामुळे 'बि-झैत' म्हणजे तेलातल्या भाज्यांचा वेगळा संसारच तिथे आहे. आपल्या श्रावणघेवड्यासारख्या शेंगा कांदा, लसूण, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलात मंद शिजवायच्या आणि गार झाल्यावर भाकरीसारख्या त्यांच्या रोटीशी खायच्या. मोहरी नाही, हळद नाही, तिखट नाही. पहिल्यांदा केली तेव्हा यजमानांनी मुकाट्यानं ठेच्याची वाटी जवळ ओढली.

सुरुवात अर्थातच वांग्यापासून केली. भरिताच्या वांग्यासाठी जळगावला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, मग आम्ही मागे का राहायचं? त्यांचंही वांगं आपल्यासारखंच अख्खं जाळावर भाजतात, साल काळी होऊन सुटेपर्यंत. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. आपण हिरव्या मिरच्या, लसूण ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे घालून वर तेल सोडतो. ते लसूण-मीठ कुटून त्यात ताहिनी आणि लिंबू घालतात. हा मुतब्बल. हॉटेलवाले यालाच 'बाबा गनूश' म्हणतात, पण लेबनॉनात त्या नावाचं भरीत बहुधा ताहिनीशिवाय असतं. टोमॅटो, कांदा आणि डाळिंबाचा आटवलेला रस घालून केलेलं. मला विचाराल तर हे दुसरंच जास्त आवडलं. डाळिंबाचा रस आटवायला वेळ लागतो, पण बाटलीत भरून ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो.

सासूबाईंनी बोट लावून चाखलं आणि विचारलं, "हाई काय शे?" भरीत आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग मी त्यांना सांगितलं, की वांगं मूळचं आपल्याच बाजूचं. संस्कृतातलं 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झालं, अरबीत 'बादिंजान' झालं आणि तिथून पुढे युरोपात गेलं. म्हणजे लेक दूर दिली, एवढंच! त्यावर त्या म्हणाल्या, लेक दूर दिली म्हणून काय तिला मिरचीसुद्धा देऊ नये?

आता ताहिनी. मैत्रिणींनो, ही बाहेरून महाग आणायची काही गरज नाही. वाटीभर पॉलिशचे तीळ मंद आचेवर नुसते गरम करायचे. संक्रांतीच्या लाडवांसारखे खमंग, तांबूस भाजायचे नाहीत, नाहीतर कडवट चव येते. गार झाले की मिक्सरमधून चमचा-दोन चमचे तेल घालत घोटायचे. लिंबू पिळलं की ताहिनी एकदम घट्ट होऊन बसते. घाबरायचं नाही, थोडं थोडं गार पाणी घालत फेटलं की पुन्हा सैल होते आणि रंगही पांढरा होतो. पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून अगदी लोण्यासारखे शिजवले आणि त्यात ही ताहिनी, लिंबू, लसूण, मीठ वाटलं की झालं हमस. ऑलिव्ह तेल वरून, तेही थोडंसंच.

तबूलेची गंमत वेगळीच. आपल्याकडच्या हॉटेलांत दलियाच्या ढिगात चार हिरवी पानं मिळतात. पुस्तकात नेमकं उलट: दोनशे ग्रॅम पार्सली, मूठभर पुदिना, तीन टोमॅटो आणि बल्गर फक्त दोन चमचे! पार्सली दिसायला कोथिंबिरीची सख्खी बहीण, पण आमच्या बाजारात ती मिळत नाही. थंडीत कुंडीत बी पेरलं. उगवायलाच तीन आठवडे लागले. कोथिंबिरीचं करून पाहिलं तर चांगलं लागतं, पण त्याला तबूले म्हणू नये.

बल्गर म्हणजे आपल्या लापशीचा रवा नव्हे. गहू उकडून, वाळवून मग भरडतात, म्हणून तो नुसता भिजवूनही खाता येतो. लेबनॉनच्या खेड्यांत उन्हाळा सरताना मोठमोठ्या कढयांत गहू उकडून धाब्यावर वाळत घालायची रीत. मग हाच बल्गर दह्यात भिजवून आंबवायचा, पुन्हा उन्हात वाळवायचा आणि हातांनी चोळचोळून त्याची पूड करायची. हे किश्क. हिवाळ्यात बर्फ पडला की त्याची गरम पेज. या सगळ्या साठवणीला ते 'मूने' म्हणतात. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे घालणाऱ्या बाईला हे वेगळं काय समजवायचं! आपला श्रीखंडाचा चक्का आहे ना, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं की त्यांचं लबने. मसूर-तांदळाची त्यांची खिचडी आहे, दाणे अख्खे राहिले तर मुदर्दरा आणि घोटली तर मुजद्दरा. वर काळपट तळलेला कांदा. आमच्या घरी तिच्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेलही गेलं. आणि त्यांचा 'साज' म्हणजे घुमटासारखा लोखंडी तवा. त्यावर ओढणीसारखी पातळ रोटी टाकतात. चित्र पाहताच मला आमचं मांड्यांचं खापर आठवलं.

बचत गटाच्या बैठकीत मी हमस आणि मुतब्बल नेलं आणि पुस्तकांतलं थोडं वाचूनही दाखवलं. क्लॉडिया रोडेन या कैरोत जन्मलेल्या ज्यू बाई. १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर इजिप्तमधल्या ज्यूंना देश सोडावा लागला, तेव्हा पांगलेल्या नातलगांकडून, ओळखीच्यांकडून त्यांनी पाककृती गोळा केल्या आणि १९६८ मध्ये मध्यपूर्वेच्या स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. बैरूतमध्ये कमाल मुझव्वक यांनी २००४ मध्ये शेतकऱ्यांचा बाजार सुरू केला आणि २००९ मध्ये 'तावलेत' नावाची खाणावळ. तिथे खेड्यापाड्यांतल्या बाया पाळीपाळीनं येऊन आपापल्या गावचं रांधतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात.

खाणावळीचं ऐकून सगळ्या सरसावून बसल्या. मी म्हटलं, आपणही आपापले पदार्थ मापासकट लिहून काढू या, निदान वहीत तरी राहतील. आमच्या गटातली एक बाई, मूगवड्या तिच्यासारख्या तालुक्यात कुणी घालत नाही, ती शांतपणे म्हणाली, "ताई, लिहून दिलं, तर मग माझ्याकडे कोण येईल?" नवरा गेल्यापासून वड्यांवरच तिनं दोन पोरं शिकवली आहेत. मी वही मिटली. तिच्या वड्यांचं माप तिचंच आहे, ते तिच्या मर्जीशिवाय कुठे छापून येऊ नये, असं मला आजही वाटतं.

घरातली गोष्ट वेगळी. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, हात थरथरतो. खापरावर मांडे टाकणारं घरात दुसरं कुणी नाही. मी विचारलं तर म्हणतात, "पीठ हाताला कळतं." मग मी गटाचा पापडाचा काटा घरी आणला. त्या मीठ घ्यायच्या, मी मूठ काट्यावर रिकामी करायला लावायची. तीन दिवस पीठ तिंबलं, तीन वेळा मुठी तोलल्या. बावीस ग्रॅम, एकवीस ग्रॅम, पुन्हा बावीस. पाण्याचं माप अजून घ्यायचं आहे.