मानसशास्त्र अवघड वाटतंय? पुस्तक घेऊन आधी गोठ्यात चला!

कर्जत : "काका, अनभिसंधित उद्दीपक म्हणजे काय हो?"

संध्याकाळी धारेच्या वेळी पुतणीने हा प्रश्न विचारला आणि मी बादली हातात धरून तसाच उभा राहिलो. ती एफ.वाय.बी.ए.ला आहे. लोकलने कॉलेजला जाते, मानसशास्त्र विषय हौसेने घेतलाय. पण पहिल्याच चाचणीत कमी मार्क पडले आणि "विषय बदलते" म्हणायला लागली. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पुस्तक हातात घेतलं तर पहिल्या पानावरच मलाही ठेच लागली. मग ओळखीच्या एका प्राध्यापकांना दोन-तीनदा फोन केले, दोन रात्री वाचलं, तेव्हा कळलं की यातल्या बऱ्याच गोष्टी आपण रोज बघतो. फक्त त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात.

कर्जत-खालापूरच्या वाड्या-वस्त्यांतून कॉलेजला जाणारी बरीच मुलं घरातली पहिलीच शिकणारी असतात. घरी विचारायला कोणी नसतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, मला समजलं ते इथे मांडतोय.

बादली वाजली, पान्हा सुटला : अभिजात अभिसंधान

पुस्तकात रशियाच्या इव्हान पावलोव्ह यांचं नाव येतं. पचनावरच्या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधीच, नुसती अन्न येणार असल्याची खूण मिळाली तरी कुत्र्याला लाळ सुटते.

आता आपल्या गोठ्यात या. पारडू आचळाला लागलं की म्हैस पान्हा सोडते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, ते अंगातूनच येतं. आपण रोज काय करतो? आधी बादली वाजते, मग आंबोण पुढे येतं, मग पारडू सोडतो. असं बरेच दिवस झालं की एक दिवस नुसती बादली वाजली तरी पान्हा सुटतो. पारडू अजून दाव्यालाच असतं!

आता पुस्तकातली नावं एकेक करून लावा :

– पारडाचं चोखणं : अनभिसंधित उद्दीपक. 'उद्दीपक' म्हणजे ज्याने काहीतरी सुरू होतं ते. 'अनभिसंधित' म्हणजे न शिकवता काम करणारं.
– चोखल्यावर सुटलेला पान्हा : अनभिसंधित प्रतिसाद.
– बादलीचा आवाज : आधी त्याला काहीच अर्थ नव्हता, सवयीने अर्थ आला. हा अभिसंधित उद्दीपक.
– नुसत्या आवाजाने सुटलेला पान्हा : अभिसंधित प्रतिसाद.

एवढंच. नावात 'अन' असेल तर निसर्गाचं, नसेल तर शिकलेलं.

आता समजा तुम्ही रोज नुसतीच बादली वाजवली, आंबोणही नाही आणि पारडूही नाही. हळूहळू म्हैस त्या आवाजाकडे लक्ष देईनाशी होते. याला 'विलोपन' म्हणतात. आणि गोठ्यात परका माणूस आला किंवा कुत्रं अंगावर भुंकलं तर तीच म्हैस दूध चोरते. शरीर घाबरलं की पान्हा अडतो. म्हणजे मन आणि शरीर वेगळं काढता येत नाही, हेही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे म्हैस नाही त्यांनी कर्जत स्टेशन आठवा. "वडापाव" अशी आरोळी आली की वडा हातात पडायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं. तेही हेच.

सगळ्यात जास्त मुलं चुकतात ते इथे : ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

पुतणीचे मार्क गेले ते याच प्रश्नात. 'ऋण' म्हणजे वजा, वाईट, म्हणून तिने 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' असं लिहिलं. तिथेच चुकलं.

अमेरिकेच्या स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले. ते 'साधक अभिसंधान' म्हणून शिकवतात. पान्हा आपोआप सुटतो, पण इथे प्राणी स्वतः काहीतरी करतो आणि त्याचं फळ बघून ते पुन्हा करायचं की सोडायचं ते ठरतं. हा फरक पहिल्यांदा पक्का करा.

'प्रबलन' म्हणजे बळ देणं. प्रबलन धन असो की ऋण, वागणूक वाढतेच. 'धन' म्हणजे काहीतरी दिलं. 'ऋण' म्हणजे काहीतरी काढून घेतलं. चांगलं-वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही.

नांगराचा बैल बघा. काठीची टोचणी लागते, बैल पाऊल उचलतो, टोचणी थांबते. पुढच्या वेळी तो लवकर चालतो. नकोशी गोष्ट निघून गेली म्हणून चालणं वाढलं. हे ऋण प्रबलन. आता शेळी वांग्याच्या वाफ्यात शिरली, दोन फटके बसले आणि तिचं शिरणं कमी झालं. ही शिक्षा.

उत्तर लिहायच्या आधी स्वतःला दोनच प्रश्न विचारा. नंतर काही मिळालं की काही गेलं? आणि वागणूक वाढली की कमी झाली? वाढली असेल तर प्रबलन, कमी झाली असेल तर शिक्षा. मग मिळालं तर धन, गेलं तर ऋण.

आता घरातलं उदाहरण. पोरगं मोबाईलसाठी रडतं. आई कामात असते, वैतागून मोबाईल देते. रडणं बंद. इथे दोघंही शिकले. पोरगं शिकलं की रडलं की मोबाईल मिळतो, हे धन प्रबलन. आई शिकली की मोबाईल दिला की कटकट थांबते, हे ऋण प्रबलन. उद्या दोन्ही वाढणार. नंतर आपण म्हणतो, "पोरगं ऐकतच नाही." ते नीट शिकलंय, आपणच शिकवलंय.

आणखी एक. फळ प्रत्येक वेळी मिळालं तर सवय लवकर सुटते. कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर सवय चिवट होते. पावसाळ्यात गळ टाकून बसणारा माणूस तासन् तास का बसतो? पुढच्या वेळी मासा लागेल म्हणून. मटक्याचं तेच आणि मोबाईलवर बोट सरकवत राहण्याचंही तेच. याला 'अंशतः प्रबलन' म्हणतात.

प्रयोग कसा करतात, हे भाताच्या खाचरात बघा

कर्जतचं भात संशोधन केंद्र आपल्याला नवं नाही. 'कर्जत' नावाची भाताची वाणं तिथूनच आली. तिथले प्रयोगाचे प्लॉट ज्याने नीट बघितले त्याला 'प्रायोगिक पद्धत' हा धडा अर्धा आलाच.

नवं खत चांगलं की नाही हे कसं ठरवायचं? वाण तेच, पाणी तेवढंच, आवणीची तारीख तीच. काही तुकड्यांना खत घालायचं, काहींना नाही. आपण जे बदललं ते खत म्हणजे 'स्वतंत्र चल'. त्यामुळे जे बदललं ते उत्पन्न म्हणजे 'अवलंबी चल'. खत घातलेले तुकडे 'प्रायोगिक गट', न घातलेले 'नियंत्रित गट'. नियंत्रित गट नसेल तर भात खतामुळे वाढला की पाऊस चांगला झाला म्हणून वाढला, हे सांगताच येणार नाही.

माणसं मात्र भाताच्या रोपासारखी एका वाणाची नसतात. म्हणून कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे सगळे हुशार एकीकडे जात नाहीत.

याच धड्यात 'सहसंबंध' येतो. ज्या दिवसांत छत्र्या जास्त विकल्या जातात त्याच दिवसांत सापही जास्त चावतात. म्हणून छत्रीमुळे साप चावतो का? नाही. दोन्हीमागे पावसाळा आहे. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. हे वाक्य फक्त परीक्षेपुरतं नाही. व्हॉट्सॲपवर आलेली अर्धी औषधं या एका वाक्याने गळून पडतात.

पावसाची भीती : इथे तिन्ही धडे एकत्र येतात

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. ज्यांनी ते भोगलं त्यांच्या मनाबद्दल मी बोलणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण त्यानंतर डोंगराच्या कुशीतल्या कितीतरी घरांत पावसाचा आवाज बदलला. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसायचा, छातीत धडधड, अंगाला घाम. ट्रक गेल्याचा आवाज आला तरी तेच. घरचे म्हणायचे, "एवढा मोठा झाला आणि भितो." कोणी म्हणे बाहेरचं काहीतरी लागलंय.

आता गोठ्यातला धडा आठवा. पाऊस आधी नुसता आवाज होता. तो आवाज एका भयंकर रात्रीशी जोडला गेला, तेव्हापासून नुसत्या आवाजानेही शरीर घाबरतं. जोड बसायला दरवेळी खूप दिवस लागत नाहीत, धक्का मोठा असेल तर एक रात्र पुरते. पावसावरून ती भीती ट्रकच्या आवाजापर्यंत पसरली, हे 'सामान्यीकरण'. आपल्या आज्यांनी ते कधीच सांगून ठेवलंय : दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

दुसरा धडा. पाऊस लागला की मुलगा घर सोडून मामाकडे जायचा. तिथे बरं वाटायचं. नकोशी भीती गेली म्हणून निघून जाणं वाढलं. हेच ऋण प्रबलन. आणि तो दरवेळी निघून गेल्यामुळे साध्या पावसात काही होत नाही, हे त्याच्या मनाला कळायची संधीच मिळाली नाही. म्हणजे विलोपन झालंच नाही. भीती वर्षानुवर्षं का राहते याचं हे मोठं कारण.

तिसरं, रागावणं. रागावलं की मुलगा सांगायचं बंद करतो, भीती बंद होत नाही. आधीच्या भीतीत बापाची भीती वाढते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दरडीचा इशारा आला, तलाठी किंवा पोलीस पाटील सांगून गेले, तर घर सोडायचंच. ती भीती खरी आणि कामाची आहे. मी बोलतोय ते धोका नसताना सुटणाऱ्या घामाबद्दल. त्यावर उपाय आहे. जाणकाराच्या मदतीने, हळूहळू, एकेक पायरी करत भीती कमी करता येते. पोराला जबरदस्तीने पावसात उभं करणं हा उपाय नव्हे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट, २४ तास, मराठीतही बोलता येतं. देवाला नारळ ठेवायचा तर ठेवा, पण हा फोनही करा.

अभ्यास कसा करायचा?

जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून ती किती विसरतात ते मोजलं. पाठ केल्यावर सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं कोंबू नका. एकदम पाणी सोडलं तर बांधावरून वाहून जातं, थोडं थोडं सोडलं तर मुरतं. आज वाचलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुस्तक मिटून आठवा.

अमेरिकेच्या जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलं की माणूस एका वेळी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, एवढ्याच गोष्टी ध्यानात धरतो. म्हणून तर मोबाईल नंबरचे दहा आकडे आपण पाच-पाच करून सांगतो. धडाही तसाच गठ्ठे करून वाचा.

आणि उत्तर लिहिताना व्याख्या पुस्तकातलीच लिहा, पण उदाहरण आपलं द्या. पावलोव्हचं कुत्रं लिहाच, त्याखाली आपली म्हैसही लिहा. स्वतःचं उदाहरण देता आलं तर समजा तो धडा समजला. नाही आलं तर नुसता पाठ झालाय.

पुतणीने विषय बदलला नाही. परवा धार काढताना तिने मलाच विचारलं, "काका, मी अभ्यासाला बसले की तुम्ही ओरडायचं थांबता. हे काय झालं?"

मी म्हटलं, "ऋण प्रबलन."

"बरोबर," ती म्हणाली, "पण आता एकदा धन करून बघा."