आधी तोंडात, मग हातात

सकाळी ६. पनवेलच्या पावसाळ्यात तबलजीच्या हाती आधी हातोडी येते. दमट हवेनं रात्रीत तबल्याची पुडी (वरचं चामडं) उतरलेली असते. गट्टे ठोकून सूर चढवायचा, मग रियाज.

दुपारी ४. शाळेतून थेट आलेली छोटी मंडळी. त्यांना मी तबल्याला हात लावू देत नाही. हातावर टाळी-खाली धरून आधी पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं. तीनतालाच्या १६ मात्रा. टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. ‘धाधा तिट’चा कायदा, म्हणजे या तालातली बोलांची ठरलेली रचना, मुलं सोळा सुटे बोल म्हणून पाठ करत नाहीत. पहिल्या आठ मात्रा भरीच्या. नवव्यापासून ‘धा’चा ‘ता’ होतो आणि तेराव्याला ‘धा’ परत येतो. एवढं कळलं की निम्मा कायदा आपोआप येतो. पालक मोबाइलवर रेकॉर्ड करू लागतात, त्यांना मी थांबवतो. रेकॉर्डिंग आहे म्हटलं की पाठांतर राहूनच जातं.

संध्याकाळी ६. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची मुलं, प्रारंभिक आणि प्रवेशिका. यांचं दुखणं वेगळं. मध्ये अडलं की गाडी पुन्हा पहिल्या ‘धा’वर. म्हणून मी मुद्दाम खालीपासून उचलायला लावतो, कधी एकदम तेराव्या मात्रेवरून. सुरुवातीला चिडतात. पण कुठूनही उचलता आलं, तरच ते पाठ झालं असं मी मानतो.

रात्री ८. लोकलमधून उतरलेले आईबाबा मुलांना न्यायला येतात. ठरलेला प्रश्न: “सर, तबल्यानं गणित सुधारेल ना?”

यावर संशोधन झालेलं आहे. हाँगकाँगच्या संशोधकांनी २००३ साली एका शाळेच्या तंतुवाद्यवृंदातली मुलं तपासली. ऐकलेले शब्द वाद्य न शिकणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या जास्त लक्षात राहत होते. चित्रांच्या बाबतीत मात्र फरक नव्हता. पण मुळात हुशार मुलंच वाद्याकडे वळत असतील तर? साला आणि गोबे या संशोधकांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले. संगीत शिकणाऱ्यांची तुलना दुसरं काही शिकणाऱ्या मुलांशी केली, तेव्हा बुद्धी आणि गुणांवरचा फायदा जवळपास उरलाच नाही.

त्यामुळे मी सरळ सांगतो: गणितासाठी गणितच सोडवून घ्या. तबल्यानं मुलाला तबला येईल, आणि मोठी रचना तुकडे पाडून डोक्यात कशी ठेवायची याची सवय लागेल. माझ्या मते फी वसूल व्हायला तेवढं पुरे. तबलाजोडी घ्यायची घाई करू नका. रोज पंधरा मिनिटं समोर बसून पढंत तेवढी म्हणवून घ्या.