मत्स्यसंवर्धनात प्रोबायोटिक जिवाणूंचा उपयोग : कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील तलाव व शेततळ्यांत रोहू, कटला व मृगळ या माशांचे एकत्रित संवर्धन केले जाते. मर्यादित पाण्यात माशांची दाटी झाली की न खाल्लेले खाद्य व विष्ठा तळाशी साचते. त्यातून एरोमोनास हायड्रोफिलासारख्या जिवाणूंचा प्रादुर्भाव होऊन माशांच्या अंगावर व्रण व लाल चट्टे उमटतात. अशा वेळी प्रतिजैविकांकडे धाव घेतली जाते. परंतु त्यांच्या वारंवार वापरामुळे औषधांना दाद न देणारे जिवाणू निर्माण होतात. या पार्श्वभूमीवर प्रोबायोटिक जिवाणूंचा विचार महत्त्वाचा ठरतो.

संकल्पना :
पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या आरोग्यास हितकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक होत. मत्स्यखाद्यातील त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांत कोझासा यांनी १९८६ मध्ये यलोटेल या सागरी माशावर केलेल्या बॅसिलस बीजाणूंच्या प्रयोगाचा उल्लेख केला जातो. माशाच्या आतड्याचा भोवतालच्या पाण्याशी सतत संबंध येत असल्याने येथे ही संकल्पना पाण्यातील उपयुक्त जिवाणूंपर्यंत विस्तारली आहे.

कार्यपद्धती :
१) आतड्यातील जागा व पोषकद्रव्ये यांसाठी हे जिवाणू रोगकारक जिवाणूंशी स्पर्धा करतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू रोगजंतूंच्या वाढीस प्रतिकूल स्थिती निर्माण करतात.
२) बॅसिलस गटातील जिवाणू प्रथिने व पिष्टमय पदार्थांचे विघटन करणारी विकरे स्रवतात. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड यांवर पोसल्या जाणाऱ्या माशांना यामुळे पचनात साहाय्य मिळू शकते. परिणामी तेवढ्याच खाद्यात अधिक वाढ होते.
३) भक्षक पेशींची क्रियाशीलता वाढून रोगप्रतिकारशक्ती सुधारते.
४) पाण्यात सोडलेले बॅसिलस सेंद्रिय गाळ कुजवितात, तर नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर हे जिवाणू विषारी अमोनियाचे क्रमाने नायट्राइट व नायट्रेट यांत रूपांतर करतात.

वापर व मर्यादा :
लॅक्टोबॅसिलस जिवाणू उष्णतेने नष्ट होतात. त्यामुळे ते शिजविलेले खाद्य थंड झाल्यावरच मिसळणे आवश्यक असते. बॅसिलसचे बीजाणू मात्र उष्णता बऱ्याच अंशी सहन करतात. प्रतिजैविके किंवा क्लोरीन यांच्यासोबत प्रोबायोटिक दिल्यास उपयुक्त जिवाणूच मरतात व खर्च वाया जातो. गाळ कुजताना प्राणवायू खर्ची पडत असल्याने पाण्यात पुरेशी हवा खेळती ठेवणे अगत्याचे आहे. तसेच निवडलेल्या जिवाणूंत प्रतिजैविकरोधक जनुके नाहीत याची पडताळणी व्हावयास हवी. अन्यथा ती जनुके रोगकारक जिवाणूंकडे संक्रमित होऊन मूळ समस्या अधिकच बिकट होईल.

निष्कर्ष :
प्रोबायोटिक हे रोग बळावल्यावर द्यावयाचे औषध नसून रोग टाळण्याचा उपाय आहे. रोगकारक जिवाणूंनी जम बसविण्यापूर्वी उपयुक्त जिवाणूंना स्थान मिळणे, हेच त्याच्या यशाचे मर्म होय. अतिरिक्त दाटी, अवाजवी खाद्य व दूषित पाणी यांची भरपाई कोणतेही जिवाणू करू शकत नाहीत. म्हणून सुयोग्य तलाव व्यवस्थापनास पूरक म्हणूनच त्यांचा वापर होणे उचित ठरेल.