मुलांचे ढाळ
मुलास ढाळ लागले कीं त्याचें खाणेंपिणें तोडण्याची चाल सुशिक्षित घरांतूनही आढळते. आम्हांस ती घातक वाटते. कारण मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. पोटाची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती सावकाश मागें गेली, डोळे खोल गेले, तर शोष पडला असें समजावें. १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पटकीच्या रोग्यांस मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आणलें! तशी पुडी हल्लीं औषधांच्या दुकानांत मिळते. तीवर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत कालवून चमचाचमचा पाजावी. ओकल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हा द्यावी. अंगावरचें दूध, मऊ भात चालूच ठेवावा. शौचांत रक्त दिसल्यास, किंवा मूल ग्लानींत पडून पिईनासें झाल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.