सारिका जाधव, वय 35

दर 31 डिसेंबरच्या आसपास वर्तमानपत्रांत एक नाव हमखास छापून येतं : तळीराम. तळीरामांवर नजर, तळीरामांवर कारवाई. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली, ते गेल्यानंतर रंगभूमीवर आलं. त्यातल्या एका पात्राचं नाव शंभर वर्षं उलटली तरी बातमीदारांच्या हाताशी आहे. अशी नावं आज कोण ठेवतं, कशी ठेवतं, हे बघावं म्हणून मी एका रोजच्या मालिकेच्या लेखकांच्या बैठकीला जाऊन बसले.

गोरेगावातला फ्लॅट. भिंतीवर पात्रांचा तक्ता. दोन मुख्य पात्रांची नावं एकाच अक्षरानं सुरू करायची नाहीत, वाचताना नटांची गल्लत होते, हा पहिला नियम. तो झटपट पाळला गेला. मग तरुण लेखकांनी मोबाइल काढले आणि नायिकेसाठी अर्थ शोधायला सुरुवात केली. न हरणारी, प्रकाश देणारी, स्वतःची वाट काढणारी. अर्थ आधी, मुलगी नंतर.

अर्थ बघून नाव ठेवणं आपल्याकडे नवं नाही. देवलांच्या ‘शारदा’त, 1899 साली, पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप कांचनभट आहे आणि तो म्हातारा नवरदेव भुजंगनाथ. प्रेक्षकाला वेगळं काही सांगावंच लागत नाही. पण मला ‘धग’ कादंबरीतली कौतिक जास्त जवळची वाटते. उद्धव शेळक्यांनी ते नाव उच्चारलं की वऱ्हाड समोर उभं राहतं, आणि तिच्या नावाचा अर्थ कुणी शोधत बसत नाही.

बैठकीत संवाद लिहिणाऱ्या एक ताई होत्या. पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत जुन्या लग्नपत्रिका. कोपऱ्यांना लावलेलं हळदीकुंकू वाळून गेलेलं, पण पिशवी उघडली की त्याचा वास खोलीभर व्हायचा. बोलणं कुठलंही चालू असो, माझं लक्ष त्या वासाकडे जायचं. एक पत्रिका त्यांनी माझ्यासमोर धरली. आजोबा धोंडिबा, वडील बाळासाहेब, नवरदेव संदीप, आणि तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी आरोही आणि शौर्य. “यात सगळं आहे,” त्या म्हणाल्या. “कोणी ठेवलं, कधी ठेवलं, तेव्हा घरात काय होतं. अर्थ काय, ते मी बघतच नाही.” पोर जगावं म्हणून धोंडिबा ठेवणारी आई आणि पोरानं शूर व्हावं म्हणून शौर्य ठेवणारी आई, दोघी एकाच घरातल्या.

दुसरं त्यांनी सांगितलं ते हाकेचं. एका एपिसोडमध्ये महत्त्वाच्या पात्राला साधारण तीस वेळा हाक मारली जाते, असा त्यांचा अंदाज. तीस वेळा रागानं, लाडानं, स्वयंपाकघरातून, जिन्यावरून. चार-पाच अक्षरांचं जड नाव दहाव्या हाकेलाच तुटतं. म्हणून त्या प्रत्येक नाव मोठ्यानं ओरडून बघत होत्या.

तक्त्यावर अगदी खाली लिहिलं होतं : ‘मोलकरीण – सखूबाई’. त्यावर चर्चाच झाली नव्हती. ताईंनी विचारलं, “हिचं वय किती?”

“असेल पस्तीस.”

“म्हणजे 1990च्या आसपासचा जन्म. तेव्हा सखू कोण ठेवत होतं? माझ्या वर्गात सारिका होत्या, मनीषा होत्या, वैशाली होत्या. त्यांतल्याच कितीतरी आज लोकांकडे भांडी घासतात.”

चॅनेलकडून आलेला मुलगा म्हणाला, “ताई, सारिका म्हटलं तर ती नायिकेची मैत्रीण वाटेल. कामवाली आहे हे कळायला हवं.”

“तीस वेळा ऐकलं की कळेल.”

तो गप्प झाला. मला मात्र त्याचं बोलणं लागलं. मालकिणीला शब्दकोशातून नाव, आणि काम करणारीला तिच्या पणजीचं. तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडरला धंदा चिकटला तो थेट नावात, पण सखाराम हे माणसाचं नाव त्याच्यापाशी राहिलंच. इथे कामवालीला माणसाचं नावच दिलं जात नव्हतं. सखू हा तिचा गणवेश होता.

आडनावाचा प्रश्न त्याहून अवघड. मराठीत आडनाव उच्चारलं की लोक गाव आणि जात ताडायला लागतात, म्हणून मालिकांत नायिकेचं घराणं इनामदार नाही तर देशमुख असतं, आणि कामवालीला आडनाव नसतंच. ताईंनी बराच वेळ विचार केला. एखाद्या समाजाला चिकटवलं असं व्हायला नको होतं. शेवटी त्यांनी जाधव लिहिलं, कारण जाधव अनेक जातींत सापडतात. तक्त्यावर सखूबाई खोडलं आणि लिहिलं : सारिका जाधव, वय 35.

पुढे पक्की झालेली यादी मी पाहिली. सारिका राहिली होती, जाधव गेलं होतं. अर्धी लढाई ताईंनी जिंकली, आणि माझ्या मते तीच त्या बैठकीतली सगळ्यात चांगली कामगिरी होती.

कथा, एकांकिका, मालिका लिहिणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. पात्रांची यादी खालून वर वाचा, आणि सगळ्यात खालच्या बाईला तिच्या जन्मसालाचं नाव द्या. आडनावासकट.